तेरा वसाहती ते अमेरिकन क्रांती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन क्रांती म्हटलं की बॉस्टनच्या बंदरात फेकलेला चहा आठवतो आणि त्यापाठोपाठ जॉर्ज वॉशिंग्टन. शाळेतल्या अर्ध्या पानाच्या धड्यात त्याहून जास्त मावतही नाही. पण हे भांडण समजून घ्यायचं तर दोन गोष्टींवर नजर ठेवावी लागते: जमीन कोणाच्या हातात गेली आणि युद्धाचं कर्ज कोणी फेडलं. खालची उत्तरं त्याच अंगाने दिली आहेत, त्यामुळे काही नेहमीच्या नायकांना इथे थोडी कमी जागा मिळाली आहे.

इंग्रजांनी अमेरिकेत पहिली वसाहत कुठे केली? राजाने केली की व्यापाऱ्यांनी?

व्यापाऱ्यांनी, राजाची सनद घेऊन. १५८० च्या दशकात रोअनोक बेटावर केलेला प्रयत्न फसला. १५९० मध्ये मदत घेऊन जहाज पोहोचलं तेव्हा तिथे माणूस नव्हता. टिकलेली पहिली वसाहत म्हणजे जेम्सटाउन, १६०७. ती वसवणारी व्हर्जिनिया कंपनी भागधारकांच्या पैशावर चालत होती आणि त्या पैशाला नफा हवा होता.

आपल्याला ओळखीची वाटेल अशी एक गोष्ट इथे आहे. सर थॉमस स्मिथ हा लंडनचा व्यापारी ईस्ट इंडिया कंपनीचा पहिला गव्हर्नर होता आणि पुढे व्हर्जिनिया कंपनीचा कारभारही त्याच्याच हाती आला. सुरत आणि जेम्सटाउन ही नावं आपण वेगवेगळ्या धड्यांत वाचतो, पण लंडनमध्ये दोन्ही धंद्यांमागे बरीचशी तीच माणसं होती.

जेम्सटाउन तगलं कसं?

जेमतेम. सोनं सापडेल या आशेने आलेल्यांत शेतीची सवय असलेले थोडे होते. १६०९-१०च्या हिवाळ्याला ‘उपासमारीचा काळ’ म्हणतात. सुमारे ५०० पैकी ६० च्या आसपास माणसं उरली. त्याआधी कॅप्टन जॉन स्मिथने शिस्त लावली होती आणि शेजारच्या पोव्हाटन या मूळनिवासी लोकांकडून मका मिळवला होता, कधी देवाणघेवाण करून तर कधी धाकाने.

वसाहतीला खरा आधार मिळाला तंबाखूचा. जॉन रॉल्फने वेस्ट इंडीजकडचं बियाणं लावून पाहिलं, ते रुजलं आणि लंडनमध्ये खपलं. पण तंबाखू जमीन लवकर थकवतो आणि त्याला हात भरपूर लागतात. म्हणजे सतत नवी जमीन आणि सतत नवे मजूर. पुढच्या दीडशे वर्षांची बरीच दुखणी या एका पिकातून निघाली.

‘हेडराइट’ काय प्रकार होता?

स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या प्रवासाचा खर्च करणाऱ्याला माणशी ५० एकर जमीन देण्याची व्हर्जिनियातली पद्धत. ज्याच्याकडे पैसा होता त्याने दहा मजूर आणले की ५०० एकर त्याच्या नावावर. मजुरांच्या वाट्याला मुदत संपेपर्यंत फक्त काम. तिथले बडे जमीनदार असे तयार झाले.

करारबद्ध नोकर आणि गुलाम यांत फरक काय?

करारबद्ध नोकर हा बहुतेक वेळा गरीब इंग्रज, आयरिश किंवा जर्मन असे. जहाजाच्या भाड्याच्या बदल्यात चार ते सात वर्षं मालकाकडे राबायचं आणि मग मोकळं व्हायचं. मॉरिशसला किंवा गयानाला गेलेल्या आपल्या गिरमिटियांची पद्धत बरीच नंतरची, पण चौकट तशीच. मुदत पुरी होण्याआधीच मेलेल्यांची संख्या मोठी होती.

१६१९ च्या ऑगस्टअखेर व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर पॉइंट कम्फर्टला एका जहाजातून अंगोलाकडून पकडून आणलेली वीसेक माणसं उतरवली गेली. सुरुवातीला त्यांचा दर्जा कायद्यात पक्का नव्हता, काही जण पुढे मोकळेही झाले. मग दोरी आवळत गेली. १६६२ च्या व्हर्जिनियाच्या कायद्याने मुलाचा दर्जा आईवरून ठरवला. आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणीही असो. हा नियम मालकांना किती सोयीचा होता हे वेगळं सांगायला नको. १६७६ मध्ये नथॅनिएल बेकनच्या बंडात गोरे नोकर आणि काळे गुलाम एकत्र लढले, तेव्हा बड्या जमीनदारांना धडकी भरली. त्यानंतर गुलामांवरचा भर वाढला आणि १७०५ च्या कायद्याने वंशाची भिंत पक्की बांधली.

विशेष म्हणजे ज्या १६१९ मध्ये ते जहाज आलं, त्याच वर्षी जेम्सटाउनला वसाहतीची पहिली निवडून आलेली सभा भरली होती, ‘हाउस ऑफ बर्जेसेस’. दोन्हींत जेमतेम महिन्याचं अंतर.

पिलग्रिम आणि प्युरिटन एकच का?

नाही, पण चुलत भाऊ म्हणायला हरकत नाही. दोघांनाही इंग्लंडचं चर्च पुरेसं शुद्ध वाटत नव्हतं. पिलग्रिम त्यातून बाहेर पडले. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून १०२ प्रवासी निघाले आणि प्लिमथला वसले. ते सगळेच धर्मासाठी आले नव्हते. उतरण्याआधी ४१ पुरुषांनी एका छोट्या करारावर सह्या केल्या की आपण मिळून कायदे करू आणि ते पाळू. हाच मेफ्लॉवर करार. त्याला लोकशाहीची गंगोत्री वगैरे म्हणणं जरा जास्तच होतं. वाटेत कुरकुर करणाऱ्या सहप्रवाशांना बांधून ठेवण्याचा तो व्यवहारी उपाय होता.

प्युरिटन संख्येने खूप मोठे. १६३० मध्ये जॉन विंथ्रॉपच्या पुढाकाराने त्यांनी मॅसॅच्युसेट्स बे वसवली. स्वतःच्या धर्मस्वातंत्र्यासाठी आलेल्या या मंडळींनी इतरांना ते दिलं नाही. रॉजर विल्यम्सला हाकललं, त्याने १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स वसवलं. घरात बायका-पुरुषांना जमवून प्रवचन करणाऱ्या ॲन हचिन्सनवर खटला भरून तिलाही बाहेर काढलं.

आधीपासून राहणाऱ्या लोकांचं काय झालं?

साथीच्या रोगांनी किनाऱ्यावरच्या वस्त्या वसाहतवाले येण्याआधीच ओस पडू लागल्या होत्या. प्लिमथची जागासुद्धा अशीच उजाड झालेली पटुक्सेट वस्ती. तिथला टिस्क्वांटम आधी पकडून युरोपात नेला गेला होता. तो परतला तेव्हा त्याचं गाव उरलं नव्हतं. त्यानेच नव्या लोकांना मका पेरायला शिकवलं.

पोकाहोंटास ही पोव्हाटन प्रमुखाची मुलगी. तिला इंग्रजांनी ओलीस धरलं होतं. त्या कैदेत तिचा बाप्तिस्मा झाला आणि १६१४ मध्ये जॉन रॉल्फशी लग्न. कंपनीच्या जाहिरातीसाठी तिला लंडनला नेलं आणि १६१७ मध्ये परतीच्या वाटेवर ग्रेव्हसेंडला ती वारली, विशीच्या उंबरठ्यावर. जॉन स्मिथशी तिच्या प्रेमाची जी गोष्ट फिरते तिला आधार नाही. स्मिथ आला तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची होती.

१६७५-७६ मध्ये वाम्पानोअग प्रमुख मेटाकॉम, ज्याला इंग्रज ‘किंग फिलिप’ म्हणत, न्यू इंग्लंडविरुद्ध, म्हणजे प्लिमथ-मॅसॅच्युसेट्सकडच्या वसाहतींविरुद्ध, उठला. त्याचा बाप मासासोइटने प्लिमथला जगायला मदत केली होती. युद्धात दोन्हीकडची गावं बेचिराख झाली. मेटाकॉम मारला गेला आणि त्याच्या लोकांपैकी अनेकांना वेस्ट इंडीजला गुलाम म्हणून विकलं.

लंडनने या वसाहती चालवल्या कशा?

व्यापारवादाच्या हिशेबाने: वसाहतीने कच्चा माल द्यावा, पक्का माल घ्यावा आणि नफा मायदेशात राहावा. १६५१ पासूनच्या नौकानयन कायद्यांनी व्यापार इंग्रजी जहाजांपुरता ठेवला. तंबाखू, साखर असा ठरावीक माल इंग्लंडलाच पाठवायचा. प्रत्यक्षात तस्करी जोरात होती आणि अठराव्या शतकात पंतप्रधान वॉलपोलच्या काळात सरकार तिकडे काणाडोळा करत असे. अंमलदार लाच घेत, व्यापारी कमावत, सगळे खूश. जुलमाखाली पिचलेल्या वसाहती असं जे चित्र रंगवलं जातं ते १७६३ आधीच्या काळाला लागू होत नाही.

मग १७६३ मध्ये असं काय घडलं?

माझ्या मते सगळ्या विषयाची किल्ली याच वर्षात आहे. फ्रान्सबरोबरचं सात वर्षांचं युद्ध इंग्लंडने जिंकलं. त्याची पहिली ठिणगी १७५४ मध्ये ओहायोच्या खोऱ्यात पडली होती आणि तिथल्या तुकडीचा प्रमुख होता २२ वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन. कॅनडा इंग्रजांना मिळाला. पण ब्रिटनचं कर्ज सात कोटी पौंडांच्या आसपास होतं ते बारा-तेरा कोटींवर गेलं. शिवाय अमेरिकेत जवळपास १० हजार सैनिक कायम ठेवायचे ठरले. हा खर्च कोणी करायचा?

त्याच वर्षी ओटावा प्रमुख पॉन्टिॲकच्या नेतृत्वाखाली पश्चिमेकडच्या जमातींनी इंग्रजी किल्ल्यांवर हल्ले केले. आणखी युद्ध परवडणार नव्हतं, म्हणून ७ ऑक्टोबरला तिसऱ्या जॉर्ज राजाने जाहीरनामा काढला: ॲपलाशियन डोंगरांच्या पलीकडे वस्ती करायची नाही. वसाहतींतल्या बड्या लोकांनी त्या जमिनींवर आधीच डोळा ठेवला होता, कंपन्या काढल्या होत्या. मूळचा मोजणीदार असलेला वॉशिंग्टन त्यांतलाच एक. हा जाहीरनामा तात्पुरता आहे, तोवर चांगल्या जमिनी हेरून ठेवाव्यात, असं त्याने १७६७ मध्ये आपल्या मोजणीदाराला लिहिलं.

म्हणजे वसाहतवाल्यांच्या नजरेतून पाहिलं तर युद्ध जिंकून जमीन मिळाली नाही आणि वर बिल मात्र आलं.

स्टँप ॲक्टवर एवढा गदारोळ का झाला? कर तर किरकोळ होता.

खरं आहे. इंग्लंडमधले लोक असा मुद्रांक कर १६९४ पासून भरत होते. पण १७६५ च्या कायद्याने वर्तमानपत्रं, खटल्याचे कागद, परवाने, पंचांगं, इतकंच काय पत्ते आणि फाशांवरही शिक्का आला. फटका बसला वकिलांना, छापखानेवाल्यांना आणि गुत्तेवाल्यांना. गावात सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारे हेच तीन वर्ग. यापेक्षा वाईट निवड लंडनला करता आली नसती.

तत्त्वाचा मुद्दा असा की पार्लमेंटमध्ये आमचा सभासद नाही, तर कर बसवण्याचा हक्क फक्त आमच्या सभांना. त्यावर लंडनचं उत्तर होतं ‘आभासी प्रतिनिधित्व’. प्रत्येक सभासद सगळ्या साम्राज्याचा असतो. मँचेस्टर, बर्मिंगहॅमलाही स्वतःचा सभासद नव्हता, ते कुठे तक्रार करतात? हा युक्तिवाद अमेरिकेत कोणाला पटला नाही.

‘सन्स ऑफ लिबर्टी’ नावाचे गट पुढे आले. बॉस्टनमध्ये सॅम्युएल ॲडम्स त्यांचा मुख्य सूत्रधार. स्टँप विकायला नेमलेल्या अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा झाडाला लटकवला, त्याच्या घरावर जमाव गेला आणि त्याने पद सोडलं. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यू यॉर्कला जमले. इंग्रजी मालावर बहिष्कार पडला तसे इंग्लंडचेच व्यापारी ओरडू लागले. मार्च १७६६ मध्ये कायदा मागे घेतला, पण त्याच दमात ‘कोणत्याही बाबतीत’ वसाहतींवर कायदे करण्याचा आमचा हक्क आहे, असा दुसरा कायदा करून ठेवला.

बॉस्टनचं हत्याकांड म्हणजे मोठी कत्तल होती का?

पाच माणसं मेली, ५ मार्च १७७० ला. चिडलेल्या जमावाने सैनिकांवर बर्फाचे गोळे आणि दांडकी फेकली, गोळीबार झाला. मृतांत क्रिस्पस ॲटक्स हा आफ्रिकी आणि मूळनिवासी वंशाचा खलाशी होता. पॉल रिव्हिअरच्या चित्राने प्रसंग घरोघर पोहोचवला, त्यात शिस्तीत रांग लावून गोळ्या झाडणारे सैनिक आहेत, जे घडलंच नव्हतं. सैनिकांचं वकीलपत्र घेतलं जॉन ॲडम्सने, तोच पुढे दुसरा राष्ट्राध्यक्ष झाला. बहुतेक सुटले, दोघांना सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली.

चहा महाग झाला म्हणून समुद्रात फेकला ना?

उलट, स्वस्त झाला होता. इथे आपल्याकडची गोष्ट त्यांच्या गोष्टीत घुसते, म्हणून जरा थांबू.

बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, मिळाल्यावर ईस्ट इंडिया कंपनी श्रीमंत व्हायला हवी होती. पण १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये लाखो माणसं मेली, सैन्याचा खर्च फुगला, नोकरांनी स्वतःचे खिसे भरले आणि लंडनच्या गोदामांत न खपलेल्या चिनी चहाचा डोंगर साठला. १७७३ मध्ये कंपनी सरकारकडे कर्जासाठी आली. सरकारने तीन गोष्टी केल्या: १४ लाख पौंडांचं कर्ज दिलं, रेग्युलेटिंग ॲक्ट करून हिंदुस्थानातल्या कारभाराला लगाम घातला (वॉरन हेस्टिंग्ज गव्हर्नर जनरल झाला तो यानेच) आणि टी ॲक्ट करून कंपनीला थेट अमेरिकेत चहा विकायची मुभा दिली. पौंडभर चहामागे आधीपासूनचा तीन पेन्स कर मात्र कायम ठेवला.

स्वस्त चहा विकत घेतला की कर मान्य केल्यासारखं होणार होतं. शिवाय डच चहाची तस्करी करणारे आणि कंपनीने वगळलेले स्थानिक व्यापारी, दोघेही बुडणार होते. बंगालचं उदाहरणही लोकांसमोर होतं. जॉन डिकिन्सनने ‘रस्टिकस’ या टोपणनावाने लिहिताना कंपनीने आशियात काय केलं ते पाहा, दुष्काळात किती मेले ते पाहा, असा इशारा दिला होता. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री मोहॉक या मूळनिवासी जमातीचा वेश घेतलेल्या माणसांनी तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात टाकल्या.

‘असह्य कायदे’ कोणते?

चहाची शिक्षा म्हणून १७७४ मध्ये केलेले. बॉस्टन बंदर बंद, मॅसॅच्युसेट्सच्या सभेचे अधिकार कमी, अधिकाऱ्यांवरचे खटले बाहेर चालवण्याची सोय, सैन्याला राहायला जागा देण्याची सक्ती. एका गावाला धडा शिकवायला गेले आणि बारा वसाहती फिलाडेल्फियात एकत्र आल्या. ती पहिली काँटिनेंटल काँग्रेस, सप्टेंबर १७७४. तेरावी, जॉर्जिया, नंतर आली. १९ एप्रिल १७७५ ला लेक्झिंग्टन आणि काँकर्डला गोळ्या झडल्या. ‘मिनिटमेन’ म्हणजे हाक आली की लगेच बंदूक घेऊन निघायची तयारी असलेले गावकरी सैनिक.

टॉमस पेनचं नाव मराठी वाचकाला ओळखीचं का वाटतं?

महात्मा फुल्यांमुळे. पेनचं ‘राइट्स ऑफ मॅन’ तरुण जोतीरावांनी वाचलं आणि त्याचा त्यांच्या विचारांवर खोल ठसा आहे. १८७३ ची ‘गुलामगिरी’ तर त्यांनी निग्रोंच्या दास्यमुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली.

अमेरिकन क्रांतीतलं पेनचं काम वेगळ्या पुस्तिकेतलं, ‘कॉमन सेन्स’, जानेवारी १७७६. तोवर बहुतेक नेते पार्लमेंटला दोष देत आणि राजापुढे अर्ज करत. पेनने थेट राजेशाहीलाच हात घातला, तोही दुकानदाराला कळेल अशा भाषेत. इंग्लंडमधून येऊन त्याला वर्षाहून थोडाच जास्त काळ झाला होता.

४ जुलैला सगळ्यांनी सह्या केल्या?

नाही. स्वातंत्र्याचा ठराव २ जुलै १७७६ ला झाला, मसुदा ४ तारखेला स्वीकारला आणि बहुतेक सह्या २ ऑगस्टला झाल्या. एकूण ५६. मसुदा मुख्यतः टॉमस जेफरसनचा. सगळी माणसं समान आहेत असं लिहिणाऱ्या जेफरसनने आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम बाळगले. गुलामांच्या व्यापाराचा दोष राजावर ढकलणारा त्याचा परिच्छेद काँग्रेसने काढून टाकला. मूळनिवासींना ‘निर्दय रानटी’ म्हणणारं वाक्य मात्र ठेवलं. राजाविरुद्धच्या तक्रारींच्या यादीत ते अगदी शेवटी आहे.

सगळ्या अमेरिकनांनी क्रांतीला साथ दिली का?

मुळीच नाही. राजनिष्ठ लोक मोठ्या संख्येने होते. युद्धानंतर साठेक हजार देश सोडून गेले, बरेच कॅनडाला. बेंजामिन फ्रँकलिनचा मुलगा विल्यम न्यू जर्सीचा राजनिष्ठ गव्हर्नर होता. बापलेकांचं पुढे जमलंच नाही.

गुलामांसाठी स्वातंत्र्याचा रस्ता अनेकदा इंग्रजांच्या छावणीकडे जात होता. व्हर्जिनियाचा गव्हर्नर लॉर्ड डनमोरने नोव्हेंबर १७७५ मध्ये जाहीर केलं की बंडखोरांचे जे गुलाम आमच्याकडून लढतील ते मोकळे. वॉशिंग्टनच्या माउंट व्हर्नन मळ्यावरून पळालेला हॅरी वॉशिंग्टन पुढे नोव्हा स्कोशिया आणि मग सिएरा लिओनला पोहोचला. इरोक्वॉय हा मूळनिवासी जमातींचा महासंघ या युद्धात फुटला. मोहॉक नेता जोसेफ ब्रँट इंग्रजांकडे, ओनायडा अमेरिकेकडे. १७७९ मध्ये अमेरिकन फौजेचा सरसेनापती असलेल्या वॉशिंग्टनच्या हुकमाने जनरल सलिव्हनने इरोक्वॉयांची चाळीसेक गावं उभ्या पिकांसकट जाळली.

मराठ्यांचा या युद्धाशी काही संबंध आहे का?

थेट नाही, पण आडून आहे. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२, जवळजवळ त्याच वर्षांतलं. ऑक्टोबर १७७७ मध्ये सॅराटोगाला इंग्रज सेनापती बर्गॉइन शरण आला आणि फेब्रुवारी १७७८ मध्ये फ्रान्सने अमेरिकेशी तह केला. आता इंग्रज-फ्रेंच युद्ध जगभर पसरणार होतं. पुण्यात नाना फडणवीसांच्या दरबारी सेंट लुबिन हा फ्रेंच माणूस १७७७ मध्येच येऊन बसला होता, त्यामुळे इंग्रजांची झोप उडाली होती. जानेवारी १७७९ मध्ये वडगावला त्यांची नाचक्की झाली. माहे या मलबार किनाऱ्यावरच्या फ्रेंच बंदरावर इंग्रजांनी केलेल्या हल्ल्याने म्हैसूरचा हैदर अली चिडला. १७८२ मध्ये सालबाईचा तह झाला, त्यात पोर्तुगीज सोडून दुसऱ्या युरोपियनांना पेशव्यांनी थारा द्यायचा नाही, असं कलम इंग्रजांनी घालून घेतलं. फ्रेंचांची धास्ती त्यातून दिसते. त्याच वर्षी डेलावेअरच्या उपसागरात इंग्रजी जहाज पकडणाऱ्या पेनसिल्व्हेनियाच्या जहाजाचं नाव होतं ‘हैदर अली’.

आणि लॉर्ड कॉर्नवॉलिस. १९ ऑक्टोबर १७८१ ला यॉर्कटाउनला, जमिनीवर वॉशिंग्टन आणि फ्रेंच सेनापती रोशांबो, समुद्रात द ग्रासचं फ्रेंच आरमार अशा कोंडीत त्याने शरणागती दिली. तलवार द्यायला तो स्वतः गेला नाही, आजारी असल्याचं सांगून दुय्यम अधिकाऱ्याला पाठवलं. अशा माणसाची कारकीर्द संपायला हवी होती, पण १७८६ मध्ये तो गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला आला. १७९२ मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजा सोबतीला घेऊन त्याने टिपूला नमवलं. १८०५ मध्ये तो गाझीपूरला वारला, कबर तिथेच आहे.

१७८३ च्या तहाने कोणाला काय मिळालं?

अमेरिकेला स्वातंत्र्य आणि मिसिसिपी नदीपर्यंतची जमीन, म्हणजे १७६३ च्या जाहीरनाम्याने बंद केलेला मुलूख. तिथे राहणाऱ्या एकाही जमातीला पॅरिसला बोलावलं नव्हतं. फ्रान्सला कर्ज.

आणि युद्धाचं कर्ज?

ते नव्या देशातही फेडावंच लागलं. मॅसॅच्युसेट्सने त्यासाठी कर वाढवले, रोख पैसा नसलेल्या शेतकऱ्यांच्या जमिनींवर जप्ती आली. १७८६ मध्ये माजी सैनिक डॅनियल शेज आणि त्याच्यासारख्यांनी न्यायालयं बंद पाडायला सुरुवात केली. एकेकाळी जमाव जमवणारा सॅम्युएल ॲडम्स म्हणाला, राजाविरुद्ध बंड केलं तर माफी असू शकते, प्रजासत्ताकाविरुद्ध करणाऱ्याला फाशीच हवी. या बंडाच्या धसक्याने मजबूत केंद्र सरकार हवं म्हणणाऱ्यांचं बळ वाढलं आणि १७८७ चं संविधान आलं. त्यात गुलामांना प्रतिनिधित्वाच्या हिशेबात तीन पंचमांश धरलं. १७९१ मध्ये अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टनने कर्जफेडीसाठी व्हिस्कीवर कर बसवला. पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या शेतकऱ्यांनी वसुली अधिकाऱ्यांना डांबर फासून पिसं चिकटवली, बॉस्टनमध्ये कस्टमवाल्यांना करत तशीच. १७९४ मध्ये ते मोडून काढायला सुमारे १३ हजारांची फौज निघाली. तिच्याबरोबर काही वाट घोड्यावरून स्वतः राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टन होता.